बत्तिसाव्या आठवड्याची गिऱ्हाइकं

“विकायचा नाही,” आई म्हणाली, आणि भाऊच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. नुसतं पडलं नाही, विरघळून तळाला गेलं, तरी तो रिकामी दोन बोटं कपावर तशीच धरून बसला होता.

दुपारचा एक वाजून गेला होता. महिन्याची शेवटची तारीख. रिसॉर्टवाल्यांच्या शहरातल्या ऑफिसची खिडकी पाचला बंद होणार होती. त्याआधी चार सह्यांचा कागद त्या खिडकीतून आत गेला नाही तर भाऊचं काय होणार, हे भाऊला आणि त्याच्या बायकोला, अशा दोनच माणसांना माहीत होतं.

“विकायचा नाही म्हणजे?” अक्काने विचारलं. ती सगळ्यांत थोरली, मोठ्या इस्पितळातली नर्स, आणि आज तीन तास बसमध्ये बसून खास सहीसाठी आली होती.

“म्हणजे विकायचा नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?” आई जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून उशांच्या खोळींना इस्त्री करत होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की भाऊला रागवायलाही जागा उरली नाही. “ते कागदवाले एक लाख दहा म्हणतायत. ती गोड आवाजाची बाई सव्वा लाख म्हणतेय. एवढी मंदी, लोकांच्या नोकऱ्या चालल्यात, आणि ह्यांच्या आठवड्यावर मात्र उड्या पडतायत! मग घाई कसली? वर्षभर थांबू, दोन लाख येतील. मी पहिल्यापासून सांगत होते, ह्यांना कोण फसवणार?”

धाकटा टिल्लू खिडकीकडे तोंड करून उभा होता. लहानपणी तो बुटका होता म्हणून हे नाव पडलं. पुढे तो सहा फूट झाला, लिफ्ट बसवणारा मिस्त्री झाला, पण नाव काही वाढलं नाही. आत्ता त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय, मागून कळायला मार्ग नव्हता.

हा सगळा घोळ ज्याच्यापायी झाला तो आठवडा बाबांनी घेतला होता, सव्वीस वर्षांपूर्वी. तळ्याकाठचं रिसॉर्ट, त्यातली दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आणि ती आपल्या मालकीची वर्षातून फक्त एक आठवडा, बत्तिसावा. बाकीचे आठवडे बाकीच्यांचे. अशा मालकीला टाइमशेअर म्हणतात. सात दिवस तुमचे, पण देखभालीचा आकार दरवर्षी भरायचा, तुम्ही जा नाहीतर जाऊ नका. तो तुमच्या हयातीत तुम्ही भरायचा आणि नंतर तुमच्या मुलांनी. ही शेवटची अट करारात इतक्या बारीक अक्षरांत होती की स्वतः छापखाना चालवणाऱ्या भाऊलाही ती भिंगाखाली धरून वाचावी लागली होती.

आणि बाबा तिथे गेले होते ते आठवडा घ्यायला नव्हेच. एका हॉलमध्ये तासभर माहिती ऐका आणि इस्त्री मोफत घेऊन जा, असं आमंत्रण आलं होतं. बाबा म्हणाले, तासभर बसायला काय जातंय. चार तासांनी ते इस्त्री आणि आठवडा दोन्ही घेऊन घरी आले. ती इस्त्री अजून चालत होती. आत्ता आई फिरवत होती ती तीच.

बाबांसारख्या माणसाने हे करावं याचं सगळ्या नातेवाइकांना नवल वाटलं होतं. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. काटा दुरुस्त झाला की त्याला दोऱ्याने एक छोटं कार्ड बांधायचे: ‘तपासले. फरक: इतके ग्रॅम. वापरण्यास योग्य.’ किंवा अयोग्य. छापखाना सुरू केल्यावर भाऊने छापलेलं पहिलं काम म्हणजे बाबांची हीच कार्डं, एक हजार. रिसॉर्टवर गेल्यावर तरी हा माणूस गप्प बसेल की नाही? छे! तिथल्या न्हाणीघरातला वजनकाटा दीड किलो जास्त दाखवायचा. बाबा दरवर्षी पहिल्या दिवशी तो उघडून नीट करायचे, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा दीड किलो चुकलेला असायचा. “बाकीची एक्कावन्न कुटुंबं उगाच जेवण कमी करत असतील,” असं ते हळहळून म्हणायचे.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मंदी आली ती त्यानंतर, पण आली ती सगळीकडून आली. आठवडेवाल्या लोकांनी एकेक करून आकार भरणं सोडलं. छप्पर मात्र गळायचं सोडेना, आणि लिफ्ट, माळी, दिवे यांचा खर्चही कमी होईना. मग जे भरत होते त्यांच्याच डोक्यावर न भरणाऱ्यांचा वाटा चढला. अकरा हजारांचे सव्वीस हजार झाले. त्यावर या वर्षी छपराचा जादा आकार म्हणून अठ्ठ्याहत्तर हजारांचं पत्र आलं. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: ज्यांना झेपत नसेल त्यांनी आठवडा कंपनीला परत करावा, मोबदला मिळणार नाही, पण पुढचं काही भरावंही लागणार नाही. सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात. मुदत आज पाच वाजेपर्यंत.

“परत?” ते पत्र ऐकून आई तेव्हा म्हणाली होती. “फुकट? ह्यांनी नव्वद हजार मोजलेत. नव्वदच्या खाली मी सही करणार नाही.”

तेव्हा भाऊ जुने आठवडे विकून देणाऱ्या एका दलालाकडे गेला होता. दलालाने यादी पुढे सरकवली. त्याच तळ्याकाठचे चाळीस आठवडे विकायला होते. किमतीच्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा होता.

“एक?” भाऊने विचारलं. “एक लाख?”

“नाही हो. एक. नुसता एक. तोही आम्ही लिहितो, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मंदीत सगळ्यांनाच विकायचंय आणि वर्षाचा आकार बघून घेणारा पळतोय. फुकट दिलात तरी कोणी हात लावणार नाही.”

हे आईला सांगायचं कसं? भाऊ दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते बायकोला सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

“भाऊ, जरा आत ये,” अक्का आत्ता म्हणाली. “टिल्लू, तूही. चहा करू सगळ्यांना.”

“आत्ताच झाला की चहा,” आई म्हणाली.

“पुन्हा करू.”

स्वयंपाकघर एवढंसं. तिघं उभी राहिली की चौथ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. अक्काने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि दबक्या आवाजात सुरू झाली.

“हे बघ भावड्या, ते तुझे कागदवाले गृहस्थ आईला फोन करतायत ना, त्यांना सांग माघार घ्यायला. आत्ताच्या आत्ता.”

भाऊने दाराकडे पाहिलं. “माझे कागदवाले?”

“तुझ्या छापखान्याला कागद पुरवणारे. आई नाव सांगत होती. मला आधी वाटलं, भाजीवाल्याशी करते तशी आई घासाघीस करतेय, कुठलंतरी गिऱ्हाईक हवेतून काढतेय. पण आहेत म्हणे ते खरोखरचे. त्यांना मध्ये पडायचं काय अडलं होतं? त्या बाई सव्वा लाखाला घेणार आणि सगळं गुपचूप मिटणार, इतकं सरळ होतं!”

“अक्का,” भाऊ म्हणाला, “त्या बाई सव्वा लाखाला का घेणार? बाजारभाव एक आहे. नुसता एक.”

अक्काने नळ आणखी मोठा केला. “असेल एखादीला आवड.”

“तुला कसं माहीत, गुपचूप मिटणार ते?”

अक्काने एक स्वच्छ कप पुन्हा विसळायला घेतला. चाळीस वर्षं रोग्यांना ‘काही दुखणार नाही हं’ सांगून सुई टोचणारी ही बाई, पण घरात खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल व्हायचे. आत्ता दोन्ही झाले होते.

इतका वेळ फ्रीजला टेकून उभा असलेला टिल्लू तिथेच खाली बसला आणि तोंडात फडकं कोंबून हसायला लागला.

“ती बाई अक्काची मेट्रन आहे,” तो फडक्यातून म्हणाला. “आणि कागदवाले भाऊचे! गेला महिनाभर तुम्ही दोघं एकमेकांवर बोली चढवताय! एका रुपयाच्या खोलीसाठी!”

भाऊने अक्काकडे पाहिलं, अक्काने भाऊकडे.

“तू?” अक्का म्हणाली.

“तूसुद्धा?” भाऊ म्हणाला.

दोघांचं गणित सारखंच होतं. आई नव्वदशिवाय सही करणार नाही, तर नव्वद आपणच द्यायचे, दुसऱ्याच्या नावाने. आईच्या खात्यात जाणारे पैसे घरातच राहतात. छपरात गेलेले गेले. विक्रीचा म्हणून परतीचाच कागद पुढे करायचा, सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं. भाऊने नव्वद लावले. अक्काने मेट्रनकडून एक लाख लावले, कारण आईला वरचे दहा बघून बरं वाटेल. मग आईने ‘दुसरं गिऱ्हाईक आहे हो’ म्हणून कागदवाल्यांना कोंडीत पकडलं आणि बिचाऱ्या भाऊने आणखी वीस चढवले.

“आणि तुला दोन्ही माहीत होतं?” अक्काने टिल्लूला फडक्यासकट उभं केलं.

“तू मला शपथ घातलीस. भाऊनेही घातली. आईचीच. मी काय करणार? आणि मला वाटलं, आईचे चार पैसे होतायत तर होऊ देत. सव्वा लाखावर थांबेल ती! तिला हाव सुटेल हे मला काय ठाऊक?”

“मुडद्या,” अक्का म्हणाली, पण म्हणता म्हणता तिलाही हसू फुटलं. भाऊलाही आलं. तिघं नळाच्या आवाजाआड पोटं धरून हसली, अगदी रिसॉर्टच्या खोलीत बाबा झोपल्यावर पांघरुणात हसायची तशी. मग भाऊचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं. त्याने ओट्याच्या कडेला हात टेकला.

“भाऊ?” अक्का लगेच थांबली. इतक्या वर्षांच्या नर्सिंगने तिला हसण्यातला फरक ओळखता येत होता.

तेवढ्यात भाऊची बायको दारात आली. ती छापखान्याचा सगळा हिशेब बघायची आणि हळू बोलायची. “सांगून टाका ना आता,” ती म्हणाली. “अजून किती दिवस पोटात ठेवणार?”

“मोठं मशीन बंद केलंय,” भाऊ म्हणाला. “तीन महिने झाले. लेबलांचं काम गेलं, ज्यांची लेबलं छापायचो ते कारखानेच बंद पडले. त्यात रोलर गेला. नव्या रोलरसाठी कसेबसे निम्मे पैसे जमवले होते, ते त्या बोलीत घालायला काढलेत. आता हे अठ्ठ्याहत्तर अंगावर आले ना, तर आपल्या तिघांच्या वाटणीतला माझा वाटासुद्धा त्यातूनच जाईल, आणि रोलर कधीच येणार नाही. मशीन विकावं लागेल. आणि मंदीत मशीनलाही गिऱ्हाईक नाही, भंगारवाला वजनावर नेईल.”

नळ उगाच वाहत होता. टिल्लूने हात लांब करून तो बंद केला.

“आम्हाला का नाही सांगितलंस रे?” अक्काने विचारलं. आता तिच्या आवाजात थोरलेपणा नव्हता.

“तू मला सांगितलंस का, की तू मेट्रनला गिऱ्हाईक केलंयस?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

अक्काने त्याच्या शर्टाच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. तिथे काहीच नव्हतं.

“नळ बंद झाला वाटतं,” बाहेरून आईचा आवाज आला. “माझ्या चहाचं काय झालं?”

भाऊ बाहेर आला तेव्हा आईने सहा खोळी संपवल्या होत्या. तो तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसला. मागे अक्का उभी राहिली, तिच्या मागे टिल्लू, आणि दाराच्या चौकटीत भाऊची बायको. सगळे असे एकदम आलेले बघून आईने इस्त्री उभी करून ठेवली.

“आई, ते कागदवाले गिऱ्हाईक म्हणजे मी आहे.”

“म्हणजे?”

“मीच त्यांना फोन करायला लावत होतो. पैसे माझेच होते.”

“आणि ती बाई मी,” अक्का म्हणाली.

आई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग तिने टिल्लूकडे पाहिलं.

“मी कोणी नाही,” टिल्लू घाईघाईने म्हणाला.

“म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक एकही नाही?”

“एकही नाही, आई.” आता भाऊला थांबता येईना. दलालाची यादी, चाळीस आठवडे, तो रकाना, मशीन, रोलर, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. “नव्वद हजार तर सोड, नव्वद पैसेही येणार नाहीत. हे सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून केलं. चुकलं माझं.”

आईने सातवी खोळ घेतली, अंथरली, हाताने सरळ केली. इस्त्री मात्र उचलली नाही.

“म्हणजे ह्यांना फसवलं,” ती म्हणाली.

“आई, तसं नाही...”

“तसंच आहे. बायका दुकानात म्हणायच्या, काट्यावर ह्यांचं कार्ड दिसलं म्हणजे डोळे मिटून घ्या. गावभर लोक ह्यांच्या शब्दावर वजन करत होते. त्या माणसाला एका टाय लावलेल्या पोराने इस्त्री दाखवून गंडवलं, आणि मी सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत फिरले की आमच्या ह्यांना कोणी फसवू शकत नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने मुळीच लपवलं नाही. “मी नाही सही करणार. माझ्या पेन्शनीतून भरते छपराचे. फुकट परत केला म्हणजे कागदावर लिहून दिलं की हा माणूस मूर्ख होता. मी जिवंत असेपर्यंत तसं लिहून देणार नाही.”

भाऊने हात टेकले. पेन्शनीतून अठ्ठ्याहत्तर हजार म्हणजे आईची दीड वर्षाची औषधं, आणि ती खरोखर तसं करेल याची त्याला पक्की खात्री होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. अक्का आईशेजारी बसून तिची पाठ चोळत होती.

“आई,” भाऊची बायको म्हणाली, “मालकीचा मूळ दाखला फॉर्मला जोडावा लागणार म्हणून मी काल बाबांची फाइल काढून ठेवली होती. आत्ता तुम्ही बोलत होतात तेव्हा चाळत होते. त्यात हे आहे.”

तिच्या हातात एक जुनं टाइप केलेलं पत्र होतं, आणि वरच्या कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं होतं. दुरून दिसताक्षणी भाऊने ओळखलं. त्याच्या पहिल्या हजारातलं कार्ड होतं ते. ‘फरक’मधला ‘फ’ जरा वर उडालेला होता आणि बाबांनी तेव्हा एकही कार्ड परत केलं नव्हतं.

“मोठ्याने वाच,” आई म्हणाली. “माझा चष्मा आत आहे.”

भाऊने वाचलं. पत्र चोवीस वर्षांपूर्वीचं होतं, आधीच्या मंदीतलं, कुठल्यातरी दलालाचं. बाबांनी आठवडा विकायचं विचारलेलं दिसत होतं. दलालाने कळवलं होतं की आजच्या परिस्थितीत आपल्या आठवड्याला काहीही किंमत येऊ शकत नाही, आणि परिस्थिती सुधारली तरी घेतलेली रक्कम परत येईल अशी आशा ठेवू नये.

“दोन वर्षांतच,” अक्का हळूच म्हणाली. “घेतल्यावर दोन वर्षांतच बाबांना कळलं होतं.”

“आणि कार्डावर?” आईने विचारलं.

कार्डावर बाबांचं अक्षर होतं, बारीक आणि उभं.

“तपासले,” भाऊने वाचलं. “फरक: सगळा. वापरण्यास योग्य.”

आईने हात पुढे केला. चष्मा नसताना तिने ते कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, मग पुन्हा लांब धरलं. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, आणि भाऊला क्षणभर वाटलं, ती मोठ्याने रडणार. पण ती हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त होतं.

“बघा,” ती म्हणाली. “पकडलं की नाही ह्यांनी? मला पत्ता लागू दिला नाही, पण काटा पकडलाच. आणि वर पुढची अठरा वर्षं मला दर वर्षी विचारायचे, ‘काय, चांगला सौदा केला ना मी?’ मी म्हणायचे, ‘अगदी.’ तेव्हा मिशीत हसायचे. मला वाटायचं, अभिमानाने हसतायत.”

“लबाड!” टिल्लू कौतुकाने म्हणाला.

“बापाला लबाड म्हणतोस? थोबडवीन.” तिने खोळीनेच डोळे पुसले. “त्या आठवड्यात तुम्ही तिघं सात दिवस एका छताखाली असायचात. भांडायचात, पण असायचात. एरवी अक्का इस्पितळात, तू छापखान्यात, आणि हा कुठल्यातरी बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लोंबकळत. ते वजन धरलं असेल ह्यांनी. आणा तो फॉर्म इकडे.”

भाऊने फॉर्म पुढे केला. पेन हातात घेतलं आणि आई थांबली.

“पण एक. सौदा म्हणजे सौदा. त्या गोड आवाजाच्या बाईने सव्वा लाख कबूल केलेत. तोंडी, तीन वेळा. मी मान्य केलेत.”

“अगं आई, ते आपलं नाटक...” अक्का म्हणाली.

“नाटक असेल तर तिकीट भर. ते पैसे भाऊच्या रोलरला जातील. आणि कागदवाल्यांचेही मी मान्य केलेत, ते तर त्याच्याच खिशातले आहेत, तर ते त्याच मशीनला लागू देत. मशीन चालायला लागलं की तो अक्काचे फेडेल, नाही फेडले तर ती त्याचे कान उपटेल.”

“मी नाही घेणार, अक्का,” भाऊ म्हणाला.

“तुला विचारलंय कोणी?” अक्का खेकसली. तिचे कान अजून लालच होते. “घे मुकाट्याने. नाहीतर मी त्या मेट्रनला दीड लाखावर नेईन.”

भाऊची बायको इतका वेळ दारात उभी होती. ती वळून आत गेली आणि तिने खरोखरच चहा टाकला. स्वयंपाकघरातून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला, तेव्हा भाऊ उठून आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही, आणि कोणी त्याला हाकही मारली नाही.

चारला पाचही जणं निघाली. ऑफिस दोन रस्ते पलीकडे, आईच्या पायाने वीस मिनिटं. टिल्लूने रिक्षा करूया म्हटलं तर आई म्हणाली, उगाच खर्च नको, मंदी आहे. खिडकीसमोर रांग होती. पुढे पाच-सहा जण, सगळ्यांच्या हातात तोच फॉर्म, आणि सगळे खाली बघत होते, शाळेत मार्क कमी पडल्यासारखे. आई मात्र मान वर करून उभी होती. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिने विचारलंसुद्धा, “तुमचा कितवा?” ते ओशाळून म्हणाले, “अकरावा.” “आमचा बत्तिसावा,” आई म्हणाली. “फार छान. न्हाणीघरातला काटा तेवढा दीड किलो जास्त दाखवायचा.” गृहस्थ चमकले. “काय सांगता? मी वीस वर्षं भात सोडलाय!”

पाचला दहा मिनिटं असताना त्यांचा नंबर आला. खिडकीतली मुलगी दमलेली दिसत होती. दिवसभर तिने असेच कागद घेतले असणार. तिने सह्या तपासल्या, दाखला जोडला आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे राहिलंय. परत करण्याचं कारण. ‘आर्थिक अडचण’ लिहा, सगळे तेच लिहितात.”

“द्या इकडे,” आई म्हणाली. एव्हाना तिने चष्मा लावला होता. काउंटरवर वाकून, वेळ घेऊन, तिने त्या रकान्यात लिहिलं. भाऊने तिच्या खांद्यावरून पाहिलं.

‘वापरून झाला.’

मुलीने ते वाचलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.